अंगणातल्या नव्या तळ्याचे पाणी सारखे हिरवे होते : सल्ला हवा आहे

तळेगाव दाभाडे येथे घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही यंदा आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल असे सिमेंटचे तळे बांधून घेतले. गुढीपाडव्याला पाणी भरले, एका कुंडीत कुमुदिनी लावून ती तळाशी ठेवली आणि आठवड्याने चौदा गोल्डफिश सोडले. पंधरा दिवसांत पाणी पालकाच्या सारासारखे झाले आणि कुंडी दिसेनाशी झाली. दोनदा सगळे पाणी उपसून, भिंती घासून नळाचे ताजे पाणी भरले. दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच, शिवाय दुसऱ्या वेळी तीन मासे दगावले. तळ्यावर सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन असते. शेजारचे काका मोरचूद टाकायला सांगतात, तर दुकानदार अतिनील दिवा घ्या म्हणतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
सर्वप्रथम पाणी उपसणे थांबवावे. एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरा. तंतू न दिसता सगळे पाणीच एकसारखे हिरवट दिसले, तर ते तरंगणारे एकपेशीय शेवाळ आहे, जे भिंती घासून जात नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू भिंतींवर, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात. ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण भिंती घासल्या, म्हणजे ती दोन्ही वेळा मोडली. मासे बहुधा अमोनियाने किंवा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने गेले असावेत. त्यातच नव्या सिमेंटमधून चुना सुटून पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि वाढलेल्या सामूत अमोनिया अधिक विषारी ठरतो.

आपल्या तळ्यात सुमारे २,२०० लिटर पाणी मावते, त्यामुळे दोन तासांत सगळे पाणी एकदा फिरवील असा, ताशी हजार-अकराशे लिटरचा पंप आणि स्पंजाचा फिल्टर पुरेल. स्पंज नळाखाली न धुता तळ्याच्याच पाण्यात पिळावा. निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग पानांनी झाकला जाईल इतकी झाडे हवीत. कुमुदिनीची पाने पसरेपर्यंत सावलीसाठी हिरवी जाळी बांधावी आणि काठावर वाळा किंवा वेखंड लावावे, कारण त्यांची मुळे शेवाळाचेच खाद्य, म्हणजे हे नायट्रेट, पळवतात. जलपर्णीही हेच काम झपाट्याने करते, पण ती पुढे नाल्यात गेली तर नदी कशी झाकून टाकते हे पवना नदीच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. मोरचूद मुळीच टाकू नये : त्यातले तांबे माशांना आणि गोगलगायींना घातक असते, शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात.

प्रतिसाद २
वरच्या सल्ल्याशी सहमत आहे, मात्र दिवा अगदीच निरुपयोगी नाही. पाणी त्याच्या नळीतून सावकाश गेले तर शेवाळाच्या पेशी मरून गोळा होतात आणि स्पंजात अडकतात. पण शेवाळाचे खाद्य पाण्यात तसेच राहते, म्हणून मी तो शेवटी घेईन. माशांना खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. एक विचारायचे राहिले : कुमुदिनीच्या कुंडीत माती कोणती आहे?

मूळ प्रश्नकर्ता
निम्मी लाल माती आणि निम्मे शेणखत. गुलाबाला देतो तसेच दिले.

प्रतिसाद २
मग हिरव्या पाण्याचे मोठे कारण तळाशीच बसले आहे. कुंडी अलगद बाहेर काढा, खताची माती धुऊन कंद शेतातल्या साध्या चिकण मातीत लावा, वर दोन इंच खडे पसरा आणि मगच ती पाण्यात सोडा. तळाशी सांडलेला खताचा गाळ पाइपने ओढून घेताना जेवढे पाणी जाईल, तेवढेच नवे भरा, तेही दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून. बदलायचेच झाले तर कुंडीतली माती बदला, सगळे पाणी नको.

मूळ प्रश्नकर्ता
आज कुंडी काढली. हलवताच तिच्यातून काळसर पाणी सुटले आणि वासावरूनच सगळे कळले. जाळी उद्या बांधतो आणि पंप येत्या रविवारी आणतो.