मदत हवी आहे: गरम झालं की यूटीव्ही बंद पडते

मंडळी, आमच्या ऑफ-रोड यूटीव्हीचं (कच्च्या रस्त्यावर चालणारी छोटी चारचाकी) इंजिन तापलं की दगा देतं. सिंगल सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं. थंड असताना सेल्फ मारताच चालू होतं, आयडलिंगही छान. तापल्यावर आधी चढावर दम खातं, मग आयडलवर आलं की गप्प. नंतर सेल्फ नुसता फिरत राहतो. निवलं की जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू!

पेट्रोल फिल्टर आणि प्लग नवे आहेत. टाकीचं झाकण सैल करून चालवून पाहिलं, फरक नाही. बंद पडल्या पडल्या प्लग काढला तर ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचतंय. तो बॉडीला टेकवून सेल्फ मारला, तर ठिणगी कधी पिवळट, कधी गायबच.

माझा संशय इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी) किंवा पिकअप कॉइलवर (ठिणगी कधी पाडायची याचा सिग्नल देणारी) आहे. मेकॅनिक मात्र ठिणगी न बघताच कार्ब्युरेटर बदला म्हणतोय. पिकअप कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना मॅन्युअलप्रमाणे येतो. गरम असताना कसा तपासायचा? हेअर ड्रायरने तापवून मोजलं तर चालेल का? की आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) बघू? तो कमी असला तरी गाडी गरम झाल्यावर बंद पडते, पण मग ठिणगी का जाते?