छोट्या गावातल्या वाचनालयाची माहितीपुस्तिका: इतिहास कशावरून लिहायचा?

पानखूण
वाचनालयाची छोटी पुस्तिका काढायची आहे. उद्दिष्ट, कारभार, इतिहास असे तीन भाग. हाताशी जुन्या दाखल नोंदवह्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद केलेल्या वह्या) आहेत, सभांची इतिवृत्तं आहेत (मधली काही वर्षं गायब) आणि शिक्के मारलेली पुस्तकं. स्थापनेच्या तारखेवरच एकमत होत नाहीये. सुरुवात कुठून करू?

पुसट_शाई
दाखल नोंदवहीपासून. सभेत मंजूर झालेली खरेदी कधी झालीच नाही असं होतं. दाखल क्रमांक पडला म्हणजे पुस्तक आलं.

दर वर्षाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक कागदावर उतरवून घ्या, त्यावरून त्या वर्षीची भर कळते. मग 'कोठून मिळाले' हा रकाना बघून खरेदी आणि देणगी वेगळी मोजा. एकाच तारखेला शे-दोनशे क्रमांक पडलेले दिसले तर बहुधा कुणाचा तरी अख्खा संग्रह आत आलाय. अक्षर बदललं की बहुतेक वेळा ग्रंथपाल बदललेला असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका, इतिवृत्ताशी ताडा.

फसगत होते ती उतरवून काढलेल्या वहीत. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी एकाच हातच्या, एकाच शाईतल्या, आणि मधले क्रमांक गाळलेले असतील तर ती मूळ वही नाही. कुणीतरी फाटकी वही नव्याने लिहिलीय आणि तोवर बाद झालेली पुस्तकं सोडून दिलीत. अशा वहीवरून वर्षाची भर काढली तर ती कमीच येणार.

शिक्केही बघा, शीर्षकपानावरचा आणि आतल्या ठरलेल्या पानावरचा. संस्थेचं नाव किंवा पत्ता बदलला की शिक्का बदलतो, त्यामुळे स्थलांतराचा काळ पुस्तकांच्या दाखल तारखांवरून बराच जवळ आणता येतो. फक्त देणगीच्या पुस्तकावरचा आधीच्या संस्थेचा शिक्का आपला समजू नका.

स्थापनेचं म्हणाल तर पहिली सभा, दार उघडलं तो दिवस आणि नोंदणी, तिन्ही तारखा छापा. वाद तिथेच मिटतो.

देवघेव_खिडकी
वरच्यात एक भर. वाचनालय वर्गणीदारांपुरतं होतं ते सगळ्यांना कधी खुलं झालं, ही तारीख शोधा. माझ्या मते स्थापनेपेक्षा तीच मोठी. बेंजामिन फ्रँकलिनने १७३१ साली अमेरिकेत फिलाडेल्फियात काढलेलं वाचनालय वर्गणीदारांचं होतं. १८३३ साली अमेरिकेतल्याच पीटरबरो गावाने करातून चालवलेलं सगळ्यांचं.

उद्दिष्टात 'ज्ञानाचा प्रसार' लिहून थांबू नका, त्यावरून एकही निर्णय घेता येत नाही. पुस्तक घरी न्यायला काय लागतं, सभासद नसलेल्याला बसून वाचता येतं का, मुलांना स्वतःच्या नावावर पुस्तक मिळतं का, हे लिहा. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात (१९४९, नंतर सुधारित) सेवा तत्त्वतः निःशुल्क असावी असं आता आहे. तुमच्याकडे वर्गणी असेल तर तसं सरळ सांगा.

कारभाराच्या भागात पदाधिकाऱ्यांची यादी दुय्यम. कोण काय ठरवतं ते मांडा: धोरण, अंदाजपत्रक, नेमणूक कारभारी मंडळाकडे, त्या चौकटीत पुस्तकनिवड आणि रोजचं काम ग्रंथपालाकडे. हे लेखी नसलं की मंडळातले सभासद परस्पर पुस्तकं मागवतात, किंवा 'आमच्या नावाचं वेगळं कपाट ठेवा' या अटीवरची देणगी स्वीकारली जाते आणि पुढे त्यातलं एकही पुस्तक हलवता येत नाही.

पानखूण
छान. बाद केलेल्या पुस्तकांचा उल्लेख करायचा का? मंडळाला कमीपणा वाटतोय.

पुसट_शाई
करायलाच हवा, नाहीतर आकडा चुकतो. शेवटचा दाखल क्रमांक हीच पुस्तकांची संख्या म्हणून छापलेली सर्रास दिसते. बाद पुस्तकाचा क्रमांक पुन्हा कुणाला देत नाहीत, म्हणून तो आकडा फुगतच जातो. समजा शेवटचा क्रमांक १२,४००, निर्लेखित (म्हणजे बाद करून नोंदीतून काढलेली) १,९००, पडताळणीत (पुस्तकं वहीशी ताडून बघताना) न सापडलेली ३५०. तर कपाटात आणि वाचकांकडे मिळून १०,१५०. हाच आकडा छापा, सोबत पडताळणीची तारीख.