यंदाचा संकल्प, आणि आज रात्रीच्या आत उरकलेलं पहिलं काम: तुमचे अनुभव लिहा

संक्रांत झाली, सोलापुरात होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून चालू आहे. नव्या वर्षाचे संकल्प साधारण याच सुमाराला बोलण्यातून गायब व्हायला लागतात, म्हणून आत्ताच विचारतोय. यंदा काय ठरवलंय ते एका ओळीत लिहा. त्यासाठी आज रात्री झोपायच्या आत कोणतं काम उरकलंत, ते मात्र सविस्तर लिहा. कुठे गेलात, कुणाला विचारलंत, कोणते कागद लागले? सोलापुरातलं असेल तर फारच छान, वाचणारा उद्या त्याच खिडकीवर जाऊन उभा राहू शकेल.

सुरुवात मी करतो. पावसाळ्याच्या आत गच्चीवरचं पाणी बोअरला द्यायचं ठरवलंय. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही आणि उन्हाळ्यात बोअरचाही भरवसा नाही. जून लांब असला तरी गच्ची मोजायला पाऊस लागत नाही. मुलीनं टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. 100 चौरस मीटर गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, की 100 लिटर पाणी होतं. हा हिशेब हातात घेऊनच प्लंबरला फोन केला, त्यामुळे बोलणं थेट पाइपच्या जाडीवर आणि गाळणीच्या खड्ड्यावर आलं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह हवाच. गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण बोअरमध्ये जाता कामा नये.

नीलम नगरहून
मी गारमेंटमध्ये मशीनवर आहे, शाळेचे गणवेश शिवते. माझी शाळा आठवीनंतर सुटली. यंदा दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म, भरणार आहे. फॉर्म निघायला अवकाश आहे, पण नणंदबाई म्हणाल्या, "दाखल्याच्या मागं आत्ताच लाग, ऐन वेळी तोच अडतो." घरात शाळा सोडल्याचा दाखला नव्हताच. दुपारच्या सुट्टीत जुन्या शाळेत गेले. क्लार्क भाऊंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कडा झिजलेलं, पानं पिवळी पडलेली. त्यांचं बोट खाली सरकत सरकत माझ्या नावावर थांबलं, तेव्हा छातीत धडधडत होतं. जन्मतारीख बरोबर, वडिलांचं नावही बरोबर. दुसरी प्रत हवी तर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल म्हणाले. अर्ज तिथंच बाकावर बसून लिहून दिला.

अभ्यासही त्याच दिवशी धरला. दिराचं गणिताचं पुस्तक डब्याच्या पिशवीत असतं. जेवण झालं की एक उदाहरण, सुट्टी संपेपर्यंत. सुपरवायझर ताईंनी विचारलं, "काय करालीस गं?" सांगितलं. आता उत्तर त्याच तपासतात.

धागाकर्ता
ताई, मनापासून अभिनंदन. हा फॉर्म ऑनलाइन भरतात ना?

नीलम नगरहून
हो, बोर्डाच्या वेबसाइटवर. नंतर कागद संपर्क केंद्राच्या शाळेत द्यायचे. म्हणून तशी शाळा जवळ कुठली, तेही विचारून ठेवलंय.

विडी घरकुलातून
आई विड्या वळते. स्वतःच्या नावावर पैसे असावेत, एवढीच तिची इच्छा. पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव, महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते, मुदत 5 वर्षं. मोठी रक्कम जमल्यावर बघू, असं घरात सगळे म्हणत होते. मी त्याच संध्याकाळी तिचं आधार, पॅन आणि फोटो एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला अडकवले. सकाळी माल द्यायला निघाली तेव्हा पिशवी हातात दिली आणि बरोबर गेले. पासबुकावर तिचं नाव छापून आलं. हप्ता मजुरीतून, इतर खर्चाच्या आधी बाजूला निघतो. हा क्रम मला रकमेपेक्षा मोलाचा वाटतो.

जुळे सोलापूर
शुगर आटोक्यात आणायची आहे. रात्रीचं जेवण झालं की ताट उचलायच्या आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो. चपला जेवणाच्या खोलीच्या दारातच ठेवल्यात.

अशोक चौकाजवळून
मी सिस्टर आहे. आमच्या वॉर्डात पूर्व भागातल्या तेलुगू आज्या खूप येतात. सून किंवा नातू सोबत असेल तोवर ठीक, रात्री त्या एकट्याच असतात आणि दुखणं सांगता येत नाही म्हणून गप्प पडून राहतात. हे बघवत नाही. यंदा कामापुरती तेलुगू शिकणार. पुस्तक, क्लास नंतर बघू. माझ्यासोबतची सिस्टर पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातली आहे, तिच्याकडून ड्यूटी सुरू होतानाच एक वाक्य घेतलं: "नोप्पि एक्कड?", म्हणजे कुठे दुखतंय. खिशातल्या चिठ्ठीवर देवनागरीत लिहून घेतलं आणि त्याच रात्री खिडकीजवळच्या आजींना विचारलं. त्या उठूनच बसल्या आणि भराभरा बोलायला लागल्या. मला त्यातलं "मोकालु" तेवढं कळलं, कारण बोलताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला होता. डॉक्टरांना लगेच कळवलं. उद्याचं वाक्य चिठ्ठीवर उतरलंय: "मंदु वेसुकुन्नारा?" औषध घेतलंत का?