दुकानाची राखण आणि उघडं दार: तुमचे अनुभव लिहा

पाटीपेन्सिल

दुकान मोठ्या जागेत हलवतेय. बंदोबस्ताचं सामान विकणारे येऊन गेले. एकाने काउंटरला जाड काच सुचवली, दुसऱ्याने लागोपाठ दोन दारं, तिसऱ्याने चेहरे ओळखणारे कॅमेरे. आत येणारा प्रत्येक जण संशयित, यावर मात्र तिघांचं एकमत! माझ्या गिऱ्हाइकांत काठी टेकत येणारे आहेत, बाबागाडी ढकलणारे आहेत, आणि आपण काय घेतो ते चारचौघांना कळू नये असं वाटणारेही आहेत. तुमच्या दुकानात जबरी चोरी झाली असेल, किंवा बंदोबस्तापायी तुम्हीच दारात अडकला असाल, तर सविस्तर लिहा. उचलेगिरीचं नंतर बघू. धाक दाखवून गल्ला नेणाऱ्यांपुरतं बोलू.

रात्रपाळी

मी रात्री एकटा काउंटरवर असायचो. चाकू दाखवून गल्ला नेला. तो माणूस आधी बराच वेळ आत घुटमळत होता, पण बाहेरून कोणाला दिसणार? दर्शनी काच जाहिरातींनी मढवलेली आणि काउंटर पार मागच्या कोपऱ्यात.

नंतर मालकांनी काच मोकळी केली, काउंटर पुढे आणला, बाहेरचे दिवे वाढवले. गल्ल्यात फक्त सुट्ट्यापुरते पैसे ठेवायचे आणि बाकीचे लगेच फटीतून तिजोरीत सारायचे. तिजोरीची किल्ली कामगारांकडे नाही, हेही दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मला तेव्हा ती पाटी भाबडी वाटली होती. पण १९७० च्या दशकात अमेरिकेत सेव्हन-इलेव्हन या किरकोळ दुकानांच्या साखळीत असेच उपाय करून पाहिले होते, आणि सल्ला द्यायला शिक्षा भोगून आलेला एक दरोडेखोरही होता. किती हाती लागेल, कोण बघेल आणि पळायला वाट आहे का, लुटायला येणारा एवढंच जोखतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी गिऱ्हाइकाची माहिती साठवावी लागत नाही.

समोर शस्त्र असेल तर देऊन टाका. हात हलवण्याआधी ‘गल्ला उघडतोय’ असं बोलून दाखवा. पाठलाग करू नका. विमा पैशांचा मिळतो, जिवाचा उपयोग घरच्यांना.

चाकावरची

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. गाडी घालून दुकान फोडू नये म्हणून दारासमोर खांब रोवतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्यात अंतर किती? साधारण १.२ मीटर मोकळं सोडलं तर गाडी अडते आणि माझी व्हीलचेअर आरामात जाते. एका दुकानात मधोमध अजून एक खांब घातला होता, जास्तीची खबरदारी म्हणून. मी बाहेरूनच परत आले.

दोन दारांचा प्रकार तर विचारूच नका. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि मधल्या जागेत खुर्ची मावत नाही. मग दोन्ही दारं उघडी धरून मला आत घेतात. म्हणजे सुरक्षाही गेली आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. अमेरिकेच्या अपंगत्व कायद्याच्या मानकांत दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच आणि काउंटरच्या सुलभ भागाची उंची जास्तीत जास्त ३६ इंच दिली आहे. सुताराला आकडे द्या, ‘जरा रुंद’ म्हणू नका.

कुलूपबंद कपाटांबद्दलही एक. वस्तू काढून द्यायला माणूस बोलवायचा, आणि हवं काय ते मोठ्याने सांगायचं. खाजगीपणा तिथेच संपतो.

ओठवाचक

काउंटरची काच चकाकत असेल तर पलीकडचे ओठ दिसत नाहीत. दारावर फक्त बोलायचं यंत्र असेल तर मी घंटा दाबून मुकाट उभा राहतो, आणि आतल्यांना तो संशयास्पद इसम वाटतो. दार उघडल्याचा दिवा लावा. काच लावायचीच असेल तर श्रवणयंत्राला थेट आवाज पोचवणारी लूप बसवून घ्या.

तारजोडणी

कॅमेरे बसवणं हा माझा धंदा, त्यामुळे थोडं लांबेल.

लोक छताला डझनभर कॅमेरे लावतात आणि त्यांत टकलं, टोप्या दिसतात. बाहेर जाणाऱ्याचा चेहरा टिपणारा एक कॅमेरा डोळ्यांच्या उंचीजवळ लावा, तो जास्त कामाचा. दारातून मागे ऊन येत असेल तर चेहरा काळा पडतो, ते दिवसा तपासा. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा चिकटवा. पळणाऱ्याची उंची पोलिसांना सांगता येते आणि खर्च जवळजवळ नाही.

आता झाकायचं काय ते. कार्डाचा पिन टाकायची जागा चित्रात काळी करता येते, करून घ्या. ट्रायल रूमकडे तोंड नको. आवाजाची नोंद बंद ठेवा. रेकॉर्डर कुलपात, नाहीतर चोर तोच उचलून नेतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

चित्रण किती दिवस ठेवायचं? युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शनानुसार ७२ तासांपलीकडे ठेवायचं असेल तर जितके दिवस जास्त, तितकं सबळ कारण हवं. जबरी चोरी तर त्याच क्षणी कळते. तेवढा तुकडा वेगळा काढून ठेवा आणि बाकीचं आपोआप पुसू द्या. महिनोन्‌महिने साठवणारे दुकानदार ते बघतात कधी, हे मला अजून उमगलेलं नाही.

हिशेबनीस

चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेवर आमच्याकडे बराच खल झाला. मी विरोधात होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने राइट एड या औषध दुकानांच्या साखळीवर पाच वर्षं असं तंत्रज्ञान वापरायला बंदी घालणारा तडजोडीचा आदेश मांडला. यंत्रणा निर्दोष गिऱ्हाइकांना चोर ठरवत होती, आणि कामगार त्यांच्या मागे फिरत होते. शिवाय तोंड बांधून पहिल्यांदाच येणाऱ्याला ती ओळखणार कशी?

दुकानदारांच्या ग्रुपवर ‘हा बघा, सावध’ म्हणून फोटो फिरवणंही त्यातलंच. पोलिसांना द्या, ग्रुपला नको.

सोनसाखळी

मी दागिन्यांचं दुकान चालवतो. घंटा दाबून उघडणारं दार मी काढणार नाही, स्पष्ट सांगतो. गल्ला रिकामा ठेवून आमचं भागत नाही, कारण माल कपाटातच असतो. पण चेहरा बघून दार उघडायचं असा नियम केला की कामगार आपापले पूर्वग्रह वापरतात. म्हणून आमच्याकडे सगळ्यांना दार उघडतं, फक्त एका वेळी एकच मंडळी आत. घंटा खुर्चीवरून हात पोचेल अशी खाली आहे. वर ‘ओठवाचक’ यांनी सुचवलेला दिवा लावून घेतो.

एका गिऱ्हाइकासमोर एका वेळी एकच तबक. महाग माल उशिराने उघडणाऱ्या तिजोरीत, म्हणजे आकडा दाबल्यावरही ठरलेला वेळ थांबावंच लागतं. लुटणाऱ्याला तेच परवडत नाही.

रात्रपाळी

@पाटीपेन्सिल, एक राहिलं. दुकान उघडताना आणि बंद करताना दोघं हवेत, एक बाहेर लांब उभा. रोख भरायला जायची वेळ आणि वाट बदलती ठेवा. नवीन जागेत मागचं दार असेल तर कचरा टाकायला जाताना ते उघडं ठेवायची सवय कामगारांना लागू देऊ नका, पण आगीच्या वेळी आतून एका धक्क्यात उघडेल अशीच कडी बसवा.