पॉट्सव्हिल मरून्सची 1925 ची ट्रॉफी चोरली की नियमाने गेली?

चंद्रपूरकर
परवा अमेरिकन फुटबॉलच्या धाग्यावर एका भाऊंनी लिहिलं की "पॉट्सव्हिलचं रडगाणं शंभर वर्षं झाली तरी संपत नाही, नियम मोडला, शिक्षा झाली, विषय संपला". वाचून डोकंच फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. माझे आजोबा वणीकडच्या कोळशाच्या खाणीत होते, त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाणीच्या गावाबद्दल मला जरा जास्तच वाटतं आणि ते लपवायचं कारण नाही. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची प्रोफेशनल लीग, तिच्यातलं पॉट्सव्हिल मरून्सचं पहिलंच वर्ष, डॉ. स्ट्रीगल नावाचा सर्जन मालक, टीममध्ये टोनी लाटोन, जो लहानपणापासून खाणीत राबलेला. 6 डिसेंबरला शिकागोत जाऊन तिथल्या कार्डिनल्स टीमला त्यांच्याच घरी 21-7 ने हरवलं. तिथेच विजेता ठरला होता. पुढच्या शनिवारी फिलाडेल्फियात शाईब पार्कवर नोत्र दाम कॉलेजच्या ऑल-स्टार्सशी, "चार घोडेस्वार" म्हणून गाजलेल्या त्यांच्या चौघा खेळाडूंसकट, मॅच खेळले आणि चार्ली बेरीच्या फील्ड गोलवर 9-7 ने जिंकले. कॉलेजवाल्यांपुढे प्रोफेशनल पोरं टिकणार नाहीत असं तेव्हा सगळा देश म्हणायचा, त्या काळात हा विजय! आणि बक्षीस काय? 500 डॉलर दंड, टीम सस्पेंड, फ्रँचायझी म्हणजे लीगमधली जागाच काढून घेतली आणि विजेतेपद कार्डिनल्सच्या नावावर. ह्याला न्याय म्हणायचं?

शिट्टी_मास्तर
चंद्रपूरकर, भावना समजल्या, पण मूळ मुद्दा तुम्ही गाळलात. फिलाडेल्फिया हा लीगमधल्याच फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स टीमचा हक्काचा इलाखा, तिथे दुसऱ्या टीमने खेळायचं नाही. त्याच दिवशी त्याच शहरात त्यांची घरची मॅच होती. लीगचा अध्यक्ष जो कार ह्याने मॅचच्या आधीच बजावलं होतं की खेळू नका. तरी खेळले. मी कबड्डीत पंचगिरी करतो, माझ्या पाहण्यात एक चांगली टीम परवानगी न घेता बाहेरच्या तालुक्यात खेळायला गेली आणि सीझनभर बाहेर बसली. पोरं रडली, आया शिव्या देत आल्या, मलाही वाईट वाटलं. पण एकाला सोडलं की दुसरा कशाला ऐकेल? 1925 ला लीगच पाच-सहा वर्षांची, दर वर्षी टीम्स बुडत होत्या, त्यात इलाख्याचा हक्क राहिला नाही तर उरलं काय?

चंद्रपूरकर
मास्तर, स्ट्रीगलचं म्हणणं शेवटपर्यंत हेच होतं की लीगच्या ऑफिसातून फोनवर होकार मिळाला होता. ते सोयीस्कर विसरता तुम्ही.

शिट्टी_मास्तर
फोनवरचा होकार! लेखी काय आहे ते दाखवा.

आकडेबाज
दोघंही भावनेत वाहताय. तेव्हा फायनल नावाचा प्रकारच नव्हता, टक्केवारीवर ठरायचं आणि बरोबरी धरायचीच नाही. पॉट्सव्हिल 10-2, म्हणजे 10 जिंकल्या 2 हरल्या, 0.833. कार्डिनल्स त्या हारीनंतर 9-2-1 (शेवटचा आकडा बरोबरीचा) म्हणजे 0.818, आणि मग अजून दोन मॅच घेऊन 11-2-1 म्हणजे 0.846. सीझन 20 डिसेंबरपर्यंत होता, त्यामुळे "6 तारखेलाच विजेता ठरला" हे वाक्य चूक आहे, कितीही वेळा लिहिलं तरी. शिकागोची मॅच हरले की सगळं संपलं असा नियम कुठेच नव्हता.

मास्तरीण_बाई
त्या दोन मॅच कोणत्या ते पण लिहा ना आकडेबाज! त्यातली एक 10 डिसेंबरची, मिलवॉकी बॅजर्स टीमविरुद्ध, 59-0. बॅजर्सकडे माणसंच नव्हती म्हणून शिकागोच्या एंगलवूड हायस्कूलची चार पोरं मैदानात उतरवली, आणि पोरं आणून दिली कोणी, तर समोरच्या कार्डिनल्सचाच खेळाडू आर्ट फोल्झ याने. ही मॅच तुमच्या 0.846 मध्ये मोजलेली आहे. मी हायस्कूलला शिकवते, हे वाचून माझा संताप होतो. त्या पोरांचं शाळेतलं खेळणं धोक्यात आलं आणि मोठ्यांनी आपली टक्केवारी वाढवून घेतली.

आकडेबाज
मॅच रद्द झाली नाही हे मी लिहिलं, बरोबर होतं असं नाही लिहिलं.

फिनिक्सचा_भाचा
ताई, शिक्षा झाल्या की. फोल्झला आजन्म बंदी, मिलवॉकीच्या मालकाला दंड आणि टीम विकायचा हुकूम, कार्डिनल्सचा मालक ख्रिस ओब्रायनला 1000 डॉलर. म्हणजे दंड पॉट्सव्हिलपेक्षा जास्तच. मी दहा-बारा वर्षं फिनिक्सला राहतो, कार्डिनल्स टीम आता इकडेच आहे, तिचा फॅन, आमच्याकडे विजेतेपदं दोनच, 1925 आणि 1947, त्यातलं एक पण काढून घ्यायला निघालेत लोक.

मास्तरीण_बाई
फोल्झवरची बंदी नंतर उठवली हे नाही लिहिलंत. आणि दंड जास्त पण मॅच कायम, ही कसली शिक्षा? आमच्याकडे चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत सोळा वर्षांची पोरं खोट्या दाखल्यावर खेळतात, पकडलं तर शिक्षकाला नोटीस आणि ढाल मात्र त्यांच्याच शाळेत. मी एकदा तक्रार केली तर मलाच विचारलं की तुमची शाळा हरली म्हणून बोलताय का. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या वर्षी धावली आणि तिच्यापेक्षा दोन वर्षं मोठ्या मुलीने तिला हरवलं, त्यानंतर ती परत मैदानावर आलीच नाही. मोठ्यांच्या फायद्यासाठी पोरांना वापरणं ह्यापुढे तुमचा तो इलाख्याचा नियम काहीच नाही.

रविवार_संध्याकाळ
खोट्या दाखल्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही. आमच्या जिल्ह्यात तर दाखला देणारे पण ठरलेले होते, पैसे पण ठरलेले होते, आणि ज्याने खरा दाखला आणला तो पोरगा बाकावर. माझा धाकटा भाऊ त्यातलाच.

शिट्टी_मास्तर
पंचांना दोष देऊ नका, आमच्यासमोर शिक्का मारलेला कागद येतो.

मास्तरीण_बाई
मास्तर, दाढी आलेला पोरगा समोर उभा असतो आणि तुम्ही कागद बघता! हेच सांगतेय मी. जो कारने पण कागद बघितला.

शिट्टी_मास्तर
जपून बोला बाई. उन्हात उभं राहून शिव्या खाल्ल्यात, कोणाकडून पैसा घेतला नाही. पंचाने चेहऱ्यावरून वय ठरवायचं ठरवलं तर उद्या आडदांड दिसणाऱ्या खऱ्या वयाच्या पोरावर अन्याय होईल. तेव्हा तुम्हीच तक्रार घेऊन याल.

चंद्रपूरकर
धागा पॉट्सव्हिलचा आहे हो.

रविवार_संध्याकाळ
मग पॉट्सव्हिलचंच बोलतो. फिलाडेल्फियात ब्लू लॉ म्हणजे रविवारी खेळ-धंदे बंद ठेवायच्या कायद्यामुळे रविवारी मॅच बंद, म्हणून फ्रँकफर्ड घरी शनिवारी खेळायचे. पॉट्सव्हिलमध्ये तो कायदा कोणी पाळत नव्हतं, रविवारी मॅच व्हायची. बाहेरची टीम शनिवारी फ्रँकफर्डशी मार खाऊन रात्री ट्रेनने पॉट्सव्हिलला यायची आणि दुसऱ्या दिवशी ताज्या मरून्ससमोर उभी राहायची. त्या 10 विजयांत ह्याचा वाटा किती ते बोला. गरीब बिचारे म्हणता, फायदा पण भरपूर घेतलाय त्यांनी.

चंद्रपूरकर
हा मुद्दा खरा आहे, मान्य करावाच लागेल. पण फ्रँकफर्डला 29 नोव्हेंबरला 49-0 ने धुतलं ते कुठल्या थकव्याने? पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्याकडेच 20-0 ने हरले होते, त्याची परतफेड केली. त्या विजयावरच तर नोत्र दामशी खेळायची संधी मिळाली. म्हणजे फ्रँकफर्डवाले मैदानात हरले आणि मग इलाख्याची तक्रार घेऊन गेले. आणि फिनिक्सचे भाचे, तुमच्या ओब्रायनने स्वतः ते विजेतेपद घ्यायला नकार दिला होता. त्याला कळत होतं की खरा विजेता कोण. नंतर टीम बिडविल घराण्याकडे गेली आणि मग हक्क सांगायला लागले.

फिनिक्सचा_भाचा
ओब्रायनचं खरं आहे, ते नाकारत नाही, त्या माणसाचा आदरच आहे. पण 2003 ला एनएफएलच्या टीम मालकांनी मतदान केलं, विषय परत उघडायचा नाही असं 30-2 ने ठरलं. पॉट्सव्हिलच्या बाजूला ईगल्स आणि स्टीलर्स, दोन्ही पेनसिल्व्हेनियाचे. बाकी तिसांना काय कार्डिनल्सचं प्रेम उतू जात होतं? एक जुना निर्णय फिरवला की पन्नास उघडतील हे कळत होतं त्यांना.

मास्तरीण_बाई
तीस मालक एकत्र आले म्हणून खोटं खरं होत नाही. दोन्ही टीम्सना संयुक्त विजेते करायला कोणाच्या खिशातून काय गेलं असतं?

शिट्टी_मास्तर
ते चाललं असतं. माझ्या तोंडून एवढंच निघेल, संयुक्त चाललं असतं. सस्पेंड करणं बरोबर, पण शाळकरी पोरांविरुद्धची 59-0 ची मॅच टक्केवारीत धरणं बरोबर नाही. ती वगळली तर किती होतात हो आकडेबाज?

आकडेबाज
10-2-1. बरोबरी धरत नव्हते, म्हणजे 0.833. पॉट्सव्हिलच्या एवढेच.

चंद्रपूरकर
आता बोला!

आकडेबाज
बोलतो. सस्पेंड झालेल्या टीमला टक्केवारीच नसते, त्यामुळे कार्डिनल्सच पहिले. मास्तरांचा सस्पेंशनवरचा मुद्दा धरायचा आणि गणित मात्र माझं घ्यायचं असं चालणार नाही.

चंद्रपूरकर
मग एवढा मोठा गुन्हा होता तर 1926 ला परत घेतलं कशाला? तेव्हाचा स्टार खेळाडू रेड ग्रेंज याची नवी लीग उभी राहिली, पॉट्सव्हिल तिकडे जाईल म्हणून घाबरले आणि मागच्या दाराने आत घेतलं. त्या वर्षी पण 10-2-2. पुढे 1929 ला टीम बोस्टनला नेली, बुलडॉग्ज म्हणून एक सीझन, संपलं. उरलेल्या खेळाडूंनी अँथ्रासाइट कोळशात कोरून स्वतःच ट्रॉफी केली, ती कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे ह्या खेळाच्या संग्रहालयात, ठेवलीय. ज्या लीगने विजेतेपद दिलं नाही तिच्याच हॉल ऑफ फेममध्ये "1925 चे विजेते" लिहिलेला कोळसा ठेवून घेतात, तर रेकॉर्डमध्ये एक ओळ बदलायला काय अडतंय ते फिनिक्सवाल्यांनी सांगावं.

फिनिक्सचा_भाचा
1947 एकटं पडेल, ते अडतंय.