सरांच्या फोटोला काय म्हणायला हवं होतं?

कऱ्हाकाठची

नमस्कार. प्रश्न फोटोग्राफीचा आहे की माणसांचा हे मलाच कळेना, म्हणून इथे विचारते.

बारामतीत आमचा ११ जणांचा ग्रुप आहे. एक दुकानदार, एक डेंटिस्ट, दोघं बँकेतले, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. महिन्यातून एकदा पहाटे गाडी काढायची, आल्यावर प्रत्येकाने एकच फोटो ग्रुपवर टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर मोकळेपणाने बोलायचं, असा नियम. नियम माझाच. प्रत्यक्षात बोलणं म्हणजे "खल्लास!", "कडक", "लाजवाब सर" आणि पाचसहा अंगठे.

सर म्हणजे आमच्यातले निवृत्तीला आलेले एक शिक्षक. मुलीने कॅमेरा घेऊन दिला तेव्हापासून आमच्यात येतात. मागच्या सोमवतीला आम्ही रजा टाकून जेजुरीला गेलो. सरांनी फोटो टाकला: पायऱ्यांवर एक आजोबा, दोन्ही हात वर, भंडारा उधळताहेत, मागे दीपमाळ. अंगठे पडायला लागले. मला वाटलं, नियम आपणच केलाय तर आपण तरी पाळू. मी लिहिलं, "सर, क्षितिज तिरकं आहे, दीपमाळ डोक्यातून उगवलीय, पिवळा जळलाय आणि फोटो शार्प नाही."

सरांनी "धन्यवाद" लिहिलं. अर्ध्या तासाने फोटो काढून टाकला. पुढच्या खेपेला आले नाहीत, गुडघा दुखतोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी मंडईत दिसले, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, तरातरा चालत होते.

मी खोटं काही लिहिलं नव्हतं. मग काय चुकलं?

नवशे_गवशे

हौसेला मोल नसतं ताई, आणि परीक्षाही नसते. मी सगळ्यांना "मस्त" म्हणतो, मलाही सगळे "मस्त" म्हणतात. ८ वर्षं झाली. फोटो होते तिथेच आहेत, पण भांडण एकही नाही.

डार्करूमवाले

ताई, आधी एक सांगा. जेजुरीच्या पायऱ्यांवर क्षितिज कुठून आणलंत? मागची तटबंदी कललेली असणार. तुम्ही फोटो बघायच्या आधीच चुकांची यादी हातात घेऊन बसला होतात, आणि त्या यादीत पहिलं कलम नेहमी क्षितिजाचं असतं. (दुसरं रूल ऑफ थर्ड्सचं, म्हणजे चौकटीचे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेघांवर ठेवायचा.) (ते तुम्ही लावलं नाहीत, त्याबद्दल आभार.)

"शार्प नाही" हे ग्रुपवर बघूनच म्हणालात ना? ग्रुपवर टाकलेला फोटो आवळला जातो. भंडारा म्हणजे हवेत उडणारे बारीक कण. फोटो आवळताना पहिले तेच मरतात, त्यांचा चिखल होतो. सरांकडून फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, शंभर टक्क्यांवर उघडा, आजोबांची पापणी बघा. मग बोला.

पिवळ्याचं मात्र तुमचं बरोबर असणार. उन्हातल्या हळदीत लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, सगळ्यात आधी भरून जातो आणि तिथले बारकावे जातात, तेच जळणं. कॅमेऱ्याचा साधा, एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तेव्हाही सगळं आलबेल दाखवत असतो. पण "जळलाय" ऐकून त्या माणसाने करायचं काय? त्याऐवजी असं काही: "सर, आजोबांच्या फेट्याच्या घड्या बघायच्या होत्या, त्या पिवळ्यात बुडाल्या. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, कच्ची फाइल) असेल तर एक्स्पोजर, म्हणजे उजेड, थोडा खाली ओढून बघा, काही परत येतील. पुढच्या वेळी तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावून ठेवा." यात तक्रार तीच आहे. फक्त सरांना संध्याकाळी करायला काम मिळालं. आजोबांना फेटा होता की टोपी ते मला माहीत नाही, तुम्ही बघून लिहा. बघून लिहिलंय हे समोरच्याला लगेच कळतं.

आता जरा माझं. १९८१. उटीच्या कारखान्यातली इंदू फिल्म, घरातली मोरी हीच डार्करूम. दिवे घाटात वारी टिपून आलो होतो. माझी सगळ्यात लाडकी प्रिंट म्हणजे डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी. ती मी आमच्या एका ज्येष्ठांकडे घेऊन गेलो. त्यांच्याकडे फोटोपेपरच्या पाकिटातल्या काळ्या पुठ्ठ्याचे दोन एल (इंग्रजी L च्या आकाराचे तुकडे) कापलेले असायचे. एकावर एक उलटसुलट ठेवले की हवी तेवढी चौकट होते. त्यांनी ते माझ्या प्रिंटवर ठेवले आणि उजवीकडचा एल हळूहळू आत सरकवला. मग परत बाहेर. पुन्हा आत. बोलले काहीच नाहीत. तिसऱ्यांदा बाहेर सरकवल्यावर मला कडेला एसटीचं अर्धं चाक दिसलं.

"हे हवंय का तुला?" त्यांनी विचारलं.

हवं-नको लांबच. आठवडाभर ती प्रिंट उशाशी घेऊन झोपत होतो, चाक मला दिसलंच नव्हतं.

मग त्यांनी काँटॅक्ट शीट मागितली. म्हणजे रोलवरच्या ३६ फ्रेमा, सहाच्या सहा पट्ट्या, छोट्या आकारात एका कागदावर. लाल पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही का निवडलीस ते सांग. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की पुढच्या तिसऱ्या फ्रेममध्ये म्हातारी थांबून मागे बघतेय आणि ती मी खूणसुद्धा न करता सोडून दिली होती. टिपलं होतं बरोबर, निवडलं चुकीचं.

हल्ली काँटॅक्ट शीट कुणी कुणाला दाखवत नाही. दोनशे काढतात, एक टाकतात, आणि त्या एकाची चिरफाड आपण करतो. सरांना विचारा, आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का. आणि हे फोनवर विचारा. ज्यांना दहा जण सर म्हणतात त्यांना दहा जणांसमोर तपासायचं नसतं. तुमच्या लॅबचे रिपोर्टसुद्धा पाकिटात घालूनच देता ना?

उजनीकाठ

काकांचं सगळं पटलं, पण एका ठिकाणी मी गोड बोलत नाही. आमच्या उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. मग ग्रुपवर फोटो येतो: अख्खा थवा उडालेला, गुलाबी पंख, पाण्याचे तुषार, वर "निसर्गाची किमया". मी एवढंच विचारतो, नाव किती जवळ नेली होतीत? चरणारे पक्षी सगळे एकदम उडाले म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी उडवले. नावाड्याला शंभर रुपये जास्त दिले की तो नाव थव्यात घालतो, त्याचं पोट आहे त्यावर. घरट्याचं तेच, आडवी फांदी बाजूला केली की पिल्लं स्वच्छ दिसतात, उन्हाला आणि कावळ्यालाही.

अशा फोटोवर प्रकाश छान, शटर बरोबर, असं काही मी लिहीत नाही. तिथे नाराज झाले तर होऊ देत.

जेजुरीच्या आजोबांना कुणी उडवलं नव्हतं, तेव्हा ताई, तुम्ही फोन कराच.

कऱ्हाकाठची

फोन केला. सर म्हणाले, घरीच ये. गेले. गुडघ्याचं मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

लॅपटॉपवर त्या दिवसाचे २१२ फोटो होते. मूळ फाइल उघडली. शार्प आहे, पापणीवर हळदीचा कण न् कण मोजता येतो. तिथल्या तिथे माफी मागितली. (फेटाच आहे, डार्करूमवाले काका. घड्या निम्म्याच परत आल्या.)

मग दीपमाळेचं विचारलं. सर म्हणाले, "ती मी मुद्दाम घेतली. आजोबांचे हात वर, भंडारा वर, दीपमाळ वर. सगळं चढतंय असं वाटायला हवं होतं. तुला नाही वाटलं?" मला नव्हतं वाटलं. मला डोक्यातून उगवलेला दगड दिसला होता. मी म्हटलं, एक पाऊल डावीकडे सरकला असतात तर दीपमाळ आजोबांच्या शेजारी उभी राहिली असती, तरीही चढली असती. यावर दहा मिनिटं वाद झाला. काकूंनी दोनदा चहा आणला. शेवटी सर म्हणाले, "शेजारी म्हणजे दोन वस्तू होतात, मला एक हवी होती." मला अजून पटलेलं नाही, पण निदान आता वाद कशावर आहे ते दोघांना माहीत आहे.

आणि काका, त्याच्या पुढची चौथी फ्रेम. भंडारा खाली बसलाय. आजोबांनी धोतराचा सोगा हातात घेतलाय आणि शेजारच्या पोराचे डोळे पुसताहेत. पोराने तोंड वेडंवाकडं केलंय. सरांनी ती टाकून दिली होती, का तर आजोबांचे स्वतःचे डोळे मिटलेत. मी स्क्रीनवरचं बोट काढेना. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ही मी काढलीय?"

निघताना म्हणाले, "थांब, तुझाही जेजुरीचा फोटो आण बघू." मोबाइलवर उघडून दिला. पायऱ्यांवरून उतरणारी गर्दी, उलटा प्रकाश, सगळ्यांचे अंगठे मिळालेला. सरांनी काकूंच्या फडताळातून दोन लग्नपत्रिका काढल्या आणि स्क्रीनच्या कडांना लावल्या. मी त्यांना एलची गोष्ट आधीच सांगून बसले होते ना. खालची पत्रिका जरा वर, जरा खाली.

"अगं, ही चप्पल कुणाची?"

खाली डाव्या कोपऱ्यात, एकच, पट्टा तुटलेली. माझीच होती.