मदत हवी आहे: निळ्या स्क्रीनवर ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव, पण तीन ड्रायव्हर बदलूनही तेच

मंडळी, पंधरा दिवस झाले, संगणकानं नुसता छळ मांडलाय. लिहिणं जरा लांबेल, पण आधी काय काय करून झालंय ते सांगून टाकतो, म्हणजे "ड्रायव्हर अपडेट करून बघ" हा सल्ला वाचेल.

होतं असं. एका मॉनिटरवर ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू, दुसऱ्यावर माझं काहीतरी टाइप करणं. मध्येच सगळं गोठतं, आवाज "ट्र्र्र्र" करत एकाच जागी अडकतो आणि दोन्ही स्क्रीन काळ्या. कधी क्षणभरात सगळं परत येतं, फक्त ब्राउझरची विंडो पांढरीफटक. कधी येतच नाही, थेट निळी स्क्रीन: व्हिडिओ टीडीआर फेल्युअर. गंमत म्हणजे तासन्‌तास गेम खेळलो तरी काही होत नाही! त्यामुळे ग्राफिक्स कार्ड तापतंय असंही म्हणता येत नाही.

टीडीआरबद्दल (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) वाचलं. कार्डानं २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करू पाहतं. जमलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) ४१०१ क्रमांकाची नोंद, नाही जमलं तर निळी स्क्रीन. थोडक्यात, कार्डाकडून उत्तर आलं नाही एवढंच कळतं. का आलं नाही, ते गुलदस्त्यातच.

केलेले उद्योग: आधी जुन्यावरच नवा ड्रायव्हर टाकला. मग सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूनं (जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारं टूल) सगळं पुसलं, पण इंटरनेट बंद करायचं विसरलो. मी फाइल उघडेपर्यंत विंडोजनं स्वतःकडचा ड्रायव्हर टाकूनही झाला होता (डिव्हाइस मॅनेजरमधली ड्रायव्हरची तारीख बघितली तेव्हा कळलं). दुसऱ्यांदा केबल काढून नीट केलं, जुनी आवृत्ती टाकली. तेच. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) टीडीआर डिले, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, २ ची १० सेकंद केली. पूर्वी २ सेकंद गोठायचं, आता १० सेकंद गोठतं, बाकी प्रगती शून्य. ते परत काढून टाकलंय.

मांडणी: १६ जीबीच्या दोन रॅम स्टिक, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवणारं सेटिंग) चालू. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा, दुसरा ६० चा. कार्डाला ८ पिनांची दोन कनेक्शन आहेत, पण दोन्ही एकाच केबलच्या फाट्यांवर लावलीत. यात काही गडबड आहे का? की कार्डच गेलंय?

प्रतिसाद १
दोन्ही मॉनिटर ६० वर आणून बघा, आणि ब्राउझरचं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (व्हिडिओचं वगैरे काम ग्राफिक्स कार्डावर टाकणं) बंद करा. हा इलाज नव्हे, पण त्यानं थांबलं तर शोधायची जागा कमी होते. स्क्रीन काळी पडली की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. बीप होऊन चित्र परत आलं तर निदान उघडं काम वाचेल. आणि पॉवर सप्लायमधून कार्डाला दोन वेगळ्या केबल द्याच. ८ पिनांचं एक कनेक्शन १५० वॅटचं असतं, दोघांचा भार एका केबलवर कशाला?

प्रतिसाद २
केबलचा सल्ला बरोबर, पण ते कारण असतं तर गेममध्ये आधी रडला असता. विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर आहे, त्यात प्रत्येक निळ्या स्क्रीनची फाइल असते, त्या उघडून बघा. सगळीकडे ११६ (टीडीआर फेल्युअर) हाच कोड असेल तर ड्रायव्हर किंवा कार्ड. दर वेळी वेगळंच काही दिसत असेल तर रॅमवर संशय घ्या. ड्रायव्हरचा डेटाही रॅममध्येच असतो, तो बिघडला की बोंब ड्रायव्हरच्या नावानं होते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. केबल वेगळ्या केल्या, फरक नाही. अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं तर दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी टाइप करतानाच निळी स्क्रीन, आणि या वेळी मेमरी मॅनेजमेंट! मग डंप बघितले. सहा फाइली: चार ११६ च्या, एक पेज फॉल्टची, एक ही. निळ्या स्क्रीनवर टीडीआर वाचलं की मी पुढचं बघतच नव्हतो.

रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅमची चाचणी) लावून ठेवली. पहिली फेरी स्वच्छ, दुसरीत चुकांच्या लाल ओळी. एक्सएमपी बंद करून पुन्हा लावली, चारही फेऱ्या साफ. सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकलाय, अ‍ॅक्सिलरेशन चालू, १४४ आणि ६० दोन्ही तसेच. आज पाचवा दिवस, एकही ४१०१ नाही.

आता पुढचा प्रश्न. एक्सएमपी बंद ठेवून रॅम कमी वेगानं चालवायला माझी हरकत नाही, पण दोन स्टिकपैकी एकच खराब असेल तर? एकेक लावून, एक्सएमपी चालू ठेवून तपासायची म्हणतोय. दोन्ही वेळा एकाच स्लॉटमध्ये लावायची ना, की स्लॉट पण बदलून बघू?